चौथा घात खरा, पण तुमचा रस्ता तेवढ्याने गेलेला नाही

ऊसपट्ट्यातल्या एका गावातले ग्रामपंचायत सदस्य विचारतात: गावापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा सहा किलोमीटरचा डांबरी रस्ता नव्याने होऊन दोनच पावसाळे झालेत. चाकोऱ्या पडल्या, कडा तुटल्या, दोन ठिकाणी तर ट्रॅक्टर कलतो. ठेकेदार म्हणतो, उसाच्या ओव्हरलोड ट्रॉल्यांनी रस्ता मारला. त्याने बैठकीत अमेरिकेतल्या एका अहवालाचा दाखला देऊन ‘वजन दुप्पट तर नुकसान सोळा पट’ असं ऐकवलं आणि सगळे गप्प बसले. गावकऱ्यांचं म्हणणं, मालच खाल्ला. साइटवरचे इंजिनिअर म्हणतात, काळी माती आहे, काय करणार. यात खरं कोणाचं, आणि तो अमेरिकेतला अहवाल आपल्याला लागू होतो का? माहितीच्या अधिकारात काय मागावं, आणि दुरुस्तीत काँक्रीटच मागावं का?

ठेकेदाराने दाखला खोटा दिलेला नाही. फक्त त्या अहवालातला त्याच्या गैरसोयीचा भाग त्याने वाचलेला नाही, किंवा वाचून बाजूला ठेवला आहे. रस्त्याच्या मालाच्या चाचण्या करण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे हे जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात ओटावा नावाचं एक गाव आहे. पुढे जिथून इंटरस्टेट ८० हा महामार्ग जाणार होता, त्या जागेवर १९५६ पासून रस्त्याचे सहा बंद फेरे बांधले. त्यांत मिळून ८३६ तुकडे होते: ४६८ डांबरी, ३६८ काँक्रीटचे. जाड, पातळ, खाली खडी जास्त, खाली खडी कमी, अशा सगळ्या तऱ्हा मुद्दाम केलेल्या. एका फेऱ्यावर एकही ट्रक सोडला नाही. नुसत्या ऊन-पाऊस-बर्फाने रस्त्याचं काय होतं ते पाहायचं होतं. उरलेल्या पाचांवर ऑक्टोबर १९५८ ते नोव्हेंबर १९६० अशी दोन वर्षं सैन्यातले जवान ट्रक फिरवत होते. सर्वांत हलक्या फेऱ्यावर एका ॲक्सलवर (दोन बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसावर) २,००० पौंड, सर्वांत जड फेऱ्यावर ३०,००० पौंड, म्हणजे साडेतेरा टनांच्या वर. जे तुकडे शेवटपर्यंत टिकले त्यांच्यावरून ११ लाख १४ हजार ॲक्सल गेले. त्या काळचे २ कोटी ७० लाख डॉलर यात खर्ची पडले. निष्कर्ष हायवे रिसर्च बोर्डाने विशेष अहवाल क्रमांक ६१ म्हणून सात भागांत छापले. जगभरातले रस्ते आजही थोडेफार त्याच्या आधाराने आखले जातात.

ठेकेदाराचं ‘दुपटीला सोळा पट’, म्हणजेच चौथा घात, इथूनच आलं. १८,००० पौंडांचा, म्हणजे ८.१६ टनांचा एकेरी ॲक्सल हे माप धरलं. हाच पुढे ‘स्टँडर्ड ॲक्सल’ झाला. दुसरा कुठलाही ॲक्सल रस्त्याला किती झिजवतो, हे त्याच्या वजनाला ८.१६ ने भागून आलेल्या आकड्याचा चौथा घात काढून सांगतात. अहवालात मात्र ‘चार’ हा आकडा असा घोटून दिलेला नाही. तिथे लांबलचक समीकरणं आहेत आणि घात रस्त्याच्या जाडीप्रमाणे थोडा वर-खाली होतो. रस्ता कितपत खराब झाला म्हणजे ‘गेला’ म्हणायचा, यावरही तो बदलतो. आणि ते ‘गेला’ ठरवलं होतं माणसांनीच: काही जणांना गाडीत बसवून रस्त्यांना शून्य ते पाच गुण द्यायला लावले आणि त्या गुणांची सांगड खडबडीतपणा, तडे, चाकोऱ्या यांच्या मोजमापाशी घातली. दीडवर आला की तुकडा चाचणीतून बाद. वापराला सोपं म्हणून पुढे सगळ्यांनी चार धरलं.

आपल्याकडेही तोच धागा आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या समितीने १९२८ मध्ये रस्त्यांबद्दलचा अहवाल दिला. पेट्रोलवरच्या अधिभारातून रस्तानिधी आणि इंजिनिअरांनी एकत्र बसून अनुभव मांडायची एक संस्था, या कल्पना त्यातल्याच. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. तिचं डांबरी रस्त्यांचं पुस्तक, आयआरसी:३७, पहिल्यांदा १९७० मध्ये आलं; त्यात रोजच्या अवजड गाड्यांची संख्या आणि मातीची ताकद एवढ्यावर जाडी ठरायची. १९८४ च्या आवृत्तीपासून स्टँडर्ड ॲक्सलचा हिशेब आला. २०१८ च्या आवृत्तीतही चौथा घातच आहे. फक्त कुठल्या ॲक्सलला कशाने भागायचं ते वेगवेगळं दिलंय. दोन्ही बाजूंना जोडचाकं असलेल्या एकेरी ॲक्सलला ८० किलोन्यूटन (तेच आपले ८.१६ टन), एकेक चाक असलेल्याला ६५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ६.६३ टन. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, ट्रॉलीला तो लागणार आहे.

आधी दोन साधे हिशेब, म्हणजे नियमाचा जोर कळेल. १२०० किलोच्या मोटारीच्या एका ॲक्सलवर ६०० किलो येतात. ८.१६ टनांचं मूळ माप धरून चौथ्या घाताने गणित केलं तर एका स्टँडर्ड ॲक्सलएवढी झीज व्हायला अशा सतरा हजार मोटारी जाव्या लागतात. थोडक्यात, गावातल्या मोटारी आणि मोटारसायकलींचा रस्त्याच्या मजबुतीशी काही संबंध नाही. दुसरा हिशेब: जुलै २०१८ मध्ये केंद्राने जोडचाकांच्या एकेरी ॲक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वजन वाढलं पावणेतेरा टक्के, रस्त्याची झीज वाढली ६० टक्क्यांहून जास्त. आधीचे रस्ते त्यासाठी आखलेले नव्हते, हे वेगळं सांगायला नको.

आता तुमची ट्रॉली. समजा एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, प्रत्येकीला दोन ॲक्सल, बाजूला एकेक चाक. ट्रॉलीचं स्वतःचं वजन अडीच टन आणि ऊस दहा टन धरला तर एका ॲक्सलवर सव्वासहा टन येतात. चार ॲक्सलची मिळून झीज ३.१६ स्टँडर्ड ॲक्सल. (ट्रॅक्टर सोडून देऊ.) त्याच ट्रॉलीत तेरा टन ऊस रचला, तर ॲक्सलवर पावणेआठ टन आणि झीज ७.४७. ऊस ३० टक्क्यांनी वाढला, झीज दुपटीहून जास्त.

इथे वाहतूकदार म्हणतात, ‘पण साहेब, खेपा कमी होतात ना!’ होतात. हजार टन ऊस न्यायचा तर वीस-वीस टनांच्या ५० खेपा, सव्वीस-सव्वीसच्या ३९. पहिल्या प्रकारात झीज १५८, दुसऱ्यात २८७ च्या वर. ऊस तोच, रस्ता तोच, खेपा कमी, आणि तरी झीज पावणेदोन-दोन पट. एवढ्यापुरता ठेकेदार शंभर टक्के बरोबर.

पण हाच हिशेब पुढे न्या. रोज २३ ओव्हरलोड खेपा आणि १२० दिवसांचा हंगाम धरला तर एका हंगामात साधारण २०,६०० स्टँडर्ड ॲक्सल होतात. ग्रामीण रस्त्यांसाठी आयआरसी:एसपी:७२ हे वेगळं पुस्तक आहे. त्यात दहा वर्षांत किती स्टँडर्ड ॲक्सल जाणार, त्यावरून टी-१, टी-२ असे वर्ग केलेत. टी-३ वर्गाचा रस्ता ६० हजार ते १ लाखासाठी असतो. समजा तुमचा रस्ता एक लाखाचा आखला असेल, तर असल्या ओव्हरलोडने तो दहा वर्षांऐवजी पाच वर्षांत संपेल. दोन हंगामांत होतात ४१ हजार. म्हणजे चौथा घात पूर्ण मान्य करूनसुद्धा रस्त्याचं निम्मं आयुष्य शिल्लक असायला हवं होतं. पुढच्या बैठकीत तुमच्या खऱ्या खेपा घालून हा हिशेब फळ्यावर मांडा. अहवाल ठेकेदाराचाच, गणित त्याचंच.

मग उरलेलं आयुष्य गेलं कुठे?

ओटावाच्या अहवालातला जो भाग कोणी बैठकीत सांगत नाही, तो इथे कामाला येतो. तिथली माती एकाच जातीची होती. वरचा तीन फूट थर तर मुद्दाम सारखी माती आणून भरलेला. आणि डांबरी तुकडे वर्षभर सारखे झिजले नाहीत. ट्रक तेवढेच, वजन तेवढंच, पण हिवाळ्यात गोठलेली जमीन वसंतात वितळायला लागली की तुकडे पटापट फुटायचे. वितळलेलं पाणी खडीच्या थरात अडकायचं, खाली उतरायला वाट नाही, वरून ट्रक. अमेरिकेच्या थंड राज्यांत म्हणूनच आजही वसंतात काही आठवडे जड गाड्यांवर कमी वजनाची मर्यादा घालतात. वजनाचा घात सगळ्यांच्या तोंडी झाला आणि हे पाण्याचं प्रकरण पुस्तकात राहिलं.

आपल्याकडे बर्फ नाही, पण आपला वसंत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो. पाऊस थांबतो, वरून डांबर कोरडं खडखडीत दिसतं, पण खालची काळी माती अजून फुगलेली, पाण्याने भरलेली असते. ती प्यायलेलं पाणी लवकर सोडत नाही. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत, दिवाळीच्या आगेमागे, कारखान्यांचे बॉयलर पेटतात. रस्ता वर्षातला सर्वांत कमजोर आणि त्यावर वर्षातलं सर्वांत जड ओझं. शिवाय ऊसपट्ट्यात पाणी पावसाळ्यापुरतं नसतं: रस्त्याच्या दोन्ही अंगांना भिजवणी चालू, शेत रस्त्याच्या बरोबरीने किंवा वर, आणि साइडचं गटार नांगरून शेतात घेतलेलं. रागावू नका, पण हे तुमच्या गावातही पाहून घ्या. ठेकेदाराच्या वकिलाला हे लगेच दिसेल.

काळ्या मातीचं वागणं मी तरुणपणी माझ्याच चुकीतून शिकलो. एका रस्त्याच्या कामात मातीची चाचणी मी सोयीच्या जागी घेतली, माळावरच्या मुरमाड तुकड्यात. आकडा चांगला आला, सात. तोच सगळ्या लांबीला लावला. दोन किलोमीटर पुढे ओढ्याच्या बाजूला रस्ता बसला, तेव्हा तिथली माती आणून पुन्हा चाचणी केली. सीबीआर म्हणतात ती; आकडा जितका मोठा, तितकी माती मजबूत. दीडशे मिलिमीटर व्यासाच्या लोखंडी साच्यात माती ठोकून भरायची, वर वजनाच्या चकत्या ठेवायच्या, त्यावर फुगवटा मोजायचं घड्याळ लावायचं आणि साचा चार दिवस पाण्याच्या टाकीत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर घड्याळाचा काटा कितीतरी फिरलेला. मातीने वरच्या चकत्या सरळ उचलून धरलेल्या. चौथ्या दिवशी साचा यंत्राखाली ठेवला आणि पन्नास मिलिमीटर जाडीचा दांडा मातीत घातला, तर तो भिजवून ठेवलेल्या कणकेत बोट जावं तसा गेला. आकडा आला दोन. सातच्या हिशेबाने टाकलेला थर दोनच्या मातीवर अंथरला तर काय होणार? त्या रस्त्यावर ऊसही जात नव्हता.

त्यामुळे साइटवरचे इंजिनिअर ‘काळी माती आहे’ म्हणतात तेव्हा ते कारण नाही, ती आधीच माहीत असलेली गोष्ट आहे. काळ्या मातीसाठी जाडी धरूनच डिझाइन करायचं असतं. विचारायचं ते एवढंच, की धरली होती का, आणि धरली असेल तर टाकली का.

हे कागदावर भांडून कळत नाही. खणावं लागतं. ओटावालाही शेवटी रस्त्याला आडवे चर मारले आणि चाकोरी नेमकी कुठल्या थरात बसली ते मोजलं. निघालं ते अनेकांना अनपेक्षित होतं: चाकोरीचा मोठा वाटा मधल्या थरांतला माल बाजूला सरकल्यामुळे होता, तळच्या मातीचा वाटा त्यामानाने थोडा. आपल्या पातळ ग्रामीण रस्त्यावर काळ्या मातीचा वाटा मोठा असू शकतो, पण सगळं खापर मातीवर फोडण्याआधी चर मारून पाहायला काय हरकत आहे?

विभागाची परवानगी घेऊन, त्यांचे आणि ठेकेदाराचे लोक हजर ठेवून, चाकोरीला आडवा एक मीटर रुंदीचा चर मारा. कड साफ कापली की थर उघडे दिसतात, कापलेल्या केकसारखे. वर डांबराची कारपेट, ग्रामीण रस्त्यात बहुतेक वीस मिलिमीटरची. ही कारपेट वजन पेलण्यासाठी नसतेच. तिने पाणी अडवायचं असतं, आणि सीलकोट, म्हणजे वरचा डांबराचा पातळ लेप, नीट नसेल तर तेही होत नाही. तिच्याखाली खडीकरणाचे थर, खाली मुरूम किंवा जीएसबी (खडी-मुरमाचा पायाचा थर), मग माती. चराच्या सगळ्या बाजूंना, किमान तीन-चार ठिकाणी, प्रत्येक थराची जाडी पट्टीने मोजा आणि अंदाजपत्रकातल्या जाडीशी ताडा. फोटोत पट्टी दिसू द्या.

मग रेघा पाहा. प्रत्येक थराची खालची रेघ सरळ आहे की वाकलेली? वरची रेघ वाकलेली आणि मुरमाची खालची रेघ सरळ असेल तर दोष वरच्या थरांत आहे: दबाई कमी किंवा माल वाईट. मातीची वरची रेघच बशीसारखी वाकली असेल तर माती हरली. जाडी कमी पडली किंवा पाणी मुरलं. खडीच्या फटींत खालून काळी माती चढून बसलेली दिसली तर मधला मुरमाचा थर गाळणीचं काम करत नव्हता, किंवा तो नावालाच होता.

मुरमाची एक घरगुती परीक्षा सांगतो. थरातला मूठभर माल घ्या, खडे काढून टाका, उरलेल्या बारीक मातीत थोडं पाणी घालून मळा आणि काचेवर तळहाताने वळा, शेवया वळतात तसं. तीन मिलिमीटर जाडीची लांब वळी न तुटता सहज होत असेल तर त्या मुरमात चिकणमाती आहे. जीएसबीच्या मालाचा प्लास्टिसिटी इंडेक्स, म्हणजे त्यातल्या चिकणपणाचा आकडा, सहाच्या आत असावा लागतो. असा माल त्यात बसण्याची शक्यता कमी. पुरावा म्हणून नमुना सरकारमान्य प्रयोगशाळेतच द्या, पण कुठला नमुना द्यायचा ते तुमचा तळहात सांगेल.

माहितीच्या अधिकारात काय मागायचं, हेही विचारलंत. ‘रस्त्याची सर्व कागदपत्रे’ असं मागू नका, सहा महिने फिरवतील. वाहतूक मोजणीचा तक्ता तारखांसह मागा. तिथेच बहुतेक वेळा चोर सापडतो. मोजणी मे महिन्यात केली असेल तर तुमच्या रस्त्यावर ऊस नावाची वस्तू कागदावर अस्तित्वातच नाही. वास्तविक एसपी:७२ मध्ये सुगीच्या दिवसांतली वाढीव वाहतूक वेगळी धरायला सांगितलंय. मग सीबीआरचे अहवाल, नमुना कुठल्या साखळीवर (रस्त्यावरच्या कुठल्या अंतरावर) घेतला त्यासकट. माझी वर सांगितलेली चूक करणारा मी एकटा नाही. दबाईच्या चाचण्यांचं रजिस्टर. आणि दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे ज्या मुदतीत निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करायचे ती मुदत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता असेल तर पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्याच गळ्यात असते, आणि मग ‘कोणामुळे’ हा वाद तो उगाच वाढवतोय असं समजा. आधी दुरुस्त कर म्हणायचं.

दुरुस्तीत काँक्रीट मागायचा मोह आवरा. तुमच्या पत्रातली ती ओळ वाचून मी थांबलो होतो. ऊसवाल्या गावांत हल्ली सगळे तेच मागतात. सिमेंटने घट्ट केलेल्या थरांचं गणित वेगळं असतं. आयआरसी:३७ मध्येच सिमेंट मिसळलेल्या पायाच्या थकव्याच्या समीकरणात घात चार नाही, बारा आहे. मर्यादेत वजन असेल तर असा थर वर्षानुवर्षं हलत नाही, पण ओव्हरलोड गाड्या त्याला थोड्याच खेपांत तडा देतात, आणि फुगणाऱ्या मातीवर तो तडा पुन्हा सांधत नाही. चढावर, गावठाणात जिथे सांडपाणी रस्त्यावर येतं, तिथे काँक्रीट ठीक. सहा किलोमीटर शेतातून नको. त्यापेक्षा मातीचा वरचा थर चुना मिसळून घट्ट करणं काळ्या मातीत चांगलं लागू पडतं. चुन्याने तिचं फुगणं कमी होतं. मुरमाचा थर साइडपट्टीखालून पार गटारापर्यंत न्यायला लावा. बऱ्याच ठिकाणी तो डांबराच्या कडेलाच थांबवतात आणि साइडपट्टीला शेतातली काळी माती भरतात. म्हणजे पाण्याने भरलेली परात. कडा तुटतात त्या यानेच. गटारं मोकळी, मोऱ्या साफ आणि भिजवणीचं पाणी रस्त्याच्या अंगावर न येऊ देणं, हे तुमच्या ग्रामसभेच्या हातात आहे. कारखान्याशी बोलून हंगामाचे पहिले चार आठवडे ट्रॉलीत ऊस कमी भरायचं ठरवता आलं तर फारच उत्तम. काट्यावरची पावती कारखान्याकडे असतेच, नवीन यंत्रणा लागत नाही.

चर मात्र पहिली ट्रॉली निघायच्या आधी मारून घ्या, पाऊस थांबल्यावर आठ-दहा दिवसांत. तेव्हा थरांतलं पाणी अजून जागेवर असतं. जानेवारीत खणलंत तर सगळं वाळलेलं, निष्पाप दिसेल. प्रत्येक थरातली थोडी माती लगेच एकात एक अशा प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून गाठ मारा, नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ओल उडून जाते. आणि चर बुजवताना निघालेला माल तसाच परत ढकलू देऊ नका: थराथराने, पाणी मारून, ठोकून, वर डांबराने बंद करून घ्या. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात ठेकेदार त्याच चराकडे बोट दाखवेल.